साबणाचाच डाग

डाग म्हटला की आपल्याला चहा आठवतो, शाई आठवते, सालनाचे तेल आठवते. साबण काही आठवत नाही. साबण तर डाग काढणारा! पण मुलांनो, साबणाचाही डाग पडतो आणि तो काढताना भल्याभल्यांची पंचाईत होते. दुसरा कोणताही डाग पडला की आपण साबण लावतो. साबणाचाच डाग पडला तर काय लावायचे?

हा प्रश्न आमच्यापुढे एकदा रमजानमध्ये उभा राहिला. ईद दोन दिवसांवर आली होती. मामू आपल्या टॅक्सीतून आम्हांला कुर्ल्याहून भिवंडीला नानीकडे नेत होते. त्यांच्या शेजारच्या सीटपुढे, पायांपाशी, कपडे धुण्याच्या पातळ साबणाचा पाच लिटरचा कॅन ठेवला होता. त्याला लागून एक कापडी पिशवी होती. पिशवीत माझ्या धाकट्या भावाचा ईदचा नवा कुरता होता, गडद निळ्या रंगाचा. कॅनचे झाकण नीट बसलेले नव्हते. नानीच्या गल्लीत वळताना कॅन आडवा झाला.

मामूंनी गाडी थांबवली. ते उतरून दुसऱ्या बाजूने आले, एक पाय आत टेकवून त्यांनी कॅन उभा केला. तोवर पाव लिटरभर साबण सांडला होता. थोडा रबरी पायपुसण्यावर, बराचसा त्याखालच्या गालिच्यावर आणि उरलेला पिशवीत. नानीचे दार वीस पावलांवर होते. मामू पुन्हा गाडीत बसले, गाडी पुढे घेतली आणि दाराशी येताच त्यांनी ब्रेक दाबला. त्यांचा पाय ब्रेकवरून सटकन घसरला! चप्पल साबणाने माखली होती, हे कोणाच्या लक्षातच आले नव्हते. समोर मुले गोट्या खेळत होती. वेग अगदी कमी होता आणि मामूंनी हँडब्रेक ओढला, म्हणून निभावले.

तेव्हा गाडीत साबण किंवा तेल सांडले, तर गालिच्याची काळजी नंतर करावी. आधी चपलेचे तळवे आणि ब्रेक, क्लच, ॲक्सिलरेटर यांची पायटी ओल्या फडक्याने तीन-चार वेळा पुसावी, मग कोरड्या फडक्याने पुसावी. बोट फिरवून पाहावे. बोट घसरत असेल तर पुन्हा पुसावे. त्याआधी गाडी हलवू नये.

मामूंना मात्र गालिच्याचीच चिंता होती. ईदच्या आदल्या दिवशी टॅक्सीला चांगली गिऱ्हाइके मिळतात. गाडी एक दिवस उभी राहिली तर ती कमाई बुडणार. त्यांनी बोअरच्या पाण्याची बादली आणली आणि एक तांब्या पाणी गालिच्यावर ओतलेही. गालिचा चोळताच फेसाचा ढीग उभा राहिला. फेस पुसला तर आणखी फेस. मामू दुसरा तांब्या ओतणार, तोच नानी दारातून ओरडली, “अरे, थांब! पाणी ओतू नकोस. आधी साबण उचल, मग पाणी घाल.”

नानीचे हे वाक्य लहान आहे, पण सगळी युक्ती त्यातच आहे. ती समजण्यासाठी साबण काम कसे करतो ते थोडे पाहू.

साबणाचा रेणू आपण टाचणीसारखा आहे असे समजू. त्याला एक डोके असते आणि एक लांब शेपूट असते. डोक्याला पाणी आवडते. शेपटीला पाणी आवडत नाही, तेल आवडते. तेलकट मळावर असंख्य शेपट्या रुततात, डोकी बाहेर पाण्याकडे राहतात आणि पाण्याबरोबर मळ कपड्यावरून सुटतो. ही टाचणी पाणी आणि मळ यांच्यामधली दलाल आहे. सौदा झाला की दलालाने निघून जावे, अशी आपली अपेक्षा असते. पण त्याला घालवावे लागते. पाणी वाळून उडून जाते, साबण उडून जात नाही. तो धाग्यांमध्ये तसाच बसून राहतो.

बसून राहिला तर काय बिघडले? हा उरलेला साबण चिकट असतो. त्याची तेल पकडण्याची सवयही सुटलेली नसते. चपलांची धूळ, हवेतला तेलकट काजळ त्याला चिकटत जातो. धुताना स्वच्छ दिसलेली जागा काही आठवड्यांत आजूबाजूच्या गालिच्यापेक्षा काळी पडते. लोकांना वाटते, डाग परत आला. मग ते त्यावर आणखी साबण लावतात. पुढच्या वेळी ती जागा आणखी लवकर काळी पडते. पुष्कळ गाड्यांमधले काळे चट्टे मळाचे कमी आणि साबणाचे जास्त असतात, असे माझे मत झाले आहे.

येथे एक गोष्ट सांगायला हवी. आपण ज्याला सरसकट साबण म्हणतो, त्यात दोन वेगळे पदार्थ येतात. तेल किंवा चरबी आणि कॉस्टिक सोडा यांपासून बनतो तो खरा साबण. हा फार जुना पदार्थ आहे. अरबीत त्याला साबून म्हणतात, उर्दूत साबुन, मराठीत साबण. शब्द एकच, बोलणारी तोंडे वेगळी. दुसरा पदार्थ म्हणजे डिटर्जंट. विज्ञानाच्या पुस्तकात त्याला अपमार्जक म्हटलेले असते. तो बहुतेक खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून बनवतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्मनीत चरबीची टंचाई झाली, तेव्हा असे पदार्थ बनवण्यास सुरुवात झाली. आपल्या देशात १९५९ मध्ये सर्फ आली आणि १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी निरमा पावडर बनवायला सुरुवात केली. त्यानंतर कपड्यांच्या वडीची जागा हळूहळू पुडीने घेतली. आता पातळ साबणाचे कॅनही घरोघरी दिसतात. वडी हातातून निसटली तर डाग पडत नाही. पुडी आणि कॅन मात्र सांडतात.

आता पुन्हा गाडीकडे येऊ.

गाडीचा गालिचा घरातल्या सतरंजीसारखा नसतो. सतरंजी उचलून नळाखाली धरता येते. गाडीचा गालिचा पत्र्यावर घट्ट बसवलेला असतो आणि त्याच्याखाली फोमचा किंवा नमद्याचा जाड थर असतो. आवाज आणि उष्णता आत येऊ नये म्हणून तो घातलेला असतो. हा थर स्पंजासारखे पाणी पितो. वरून ओतलेले पाणी साबणाला घेऊन त्या थरात उतरते. वरचा गालिचा एका दिवसात वाळतो, खालचा थर कित्येक दिवस ओला राहतो. मग कुबट वास येतो, काचांवर आतून वाफ धरते आणि पुढे पत्रा गंजतो. म्हणूनच नानीने तांब्या थांबवला.

नानीने पत्र्याचा एक जुना तुकडा आणला. त्याच्या बोथट कडेने मामूंनी गालिच्यावरचा साबण कडेकडून मध्याकडे ओढत गोळा केला आणि डब्यात भरला. मध्याकडून कडेकडे ओढला असता तर डाग पसरला असता. जवळजवळ अर्धी वाटी साबण असाच निघाला. मग जुन्या टॉवेलची चौपदरी घडी करून मामू तिच्यावर दोन्ही पायांनी उभे राहिले. घडी उचलली, कोरडी बाजू खाली केली, पुन्हा उभे राहिले. चोळायचे नाही, दाबायचे. चोळले की फेस होतो आणि धागे पिंजतात. दाबले की साबण टॉवेलात चढतो.

पातळ साबणाऐवजी पावडर सांडली असती, तर काम याहून सोपे होते. कोरडी पावडर कोरडीच उचलावी. ती पुठ्ठ्याने गोळा करावी, ब्रशने झाडावी, मिळाला तर व्हॅक्यूम क्लीनर फिरवावा. पावडरीला पाण्याचा एक थेंबही लागू देऊ नये. ओली झाली की ती धाग्यांना धरून कडक होते.

इतके झाल्यावर नानीने पाण्याला परवानगी दिली, तीही तांब्याने नाही. कोमट पाण्यात भिजवून पिळलेले फडके डागावर दाबायचे, मग लगेच कोरड्या टॉवेलाने ते पाणी शोषून घ्यायचे. असे किती वेळा करायचे, असे मी विचारले. नानी म्हणाली, “कपडा पाक करताना काय करतोस? तीनदा धुवायचा आणि दर वेळी पिळायचा. इथे तर गालिचा आहे. इथे दहादा कर.”

तीनदा धुणे आणि दर वेळी पिळणे, हा नियम तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी पाळतात. तो पाकीचा नियम आहे, रसायनशास्त्राचा नाही. पण त्यात जे गणित दडले आहे, ते मला त्या दिवशी प्रथम दिसले. तुम्हीही वहीत मांडून पाहा.

पिळलेल्या कुरत्यात २०० मिलिलिटर पाणी राहते आणि त्या पाण्यात १० ग्रॅम साबण आहे, असे धरा. त्यावर ८०० मिलिलिटर स्वच्छ पाणी घाला. आता एक लिटर पाण्यात १० ग्रॅम साबण झाला. कुरता खळबळून पुन्हा तेवढाच पिळा. आत २०० मिलिलिटर पाणी उरले, म्हणजे एक पंचमांश. साबणही एक पंचमांश उरला : २ ग्रॅम. दुसऱ्यांदा तेच करा, ०.४ ग्रॅम उरेल. तिसऱ्यांदा, ०.०८ ग्रॅम. तीन वेळचे मिळून २,४०० मिलिलिटर पाणी लागले.

आता तेवढेच पाणी एकदम घालून पाहा. २,६०० मिलिलिटर पाण्यात १० ग्रॅम साबण. पिळल्यावर २०० मिलिलिटर उरेल, म्हणजे तेरावा भाग. साबण उरेल सुमारे ०.७७ ग्रॅम. पाणी तेवढेच, श्रम थोडे कमी, पण कपड्यात साबण राहिला जवळजवळ दहापट! आणि मधे पिळलेच नाही तर सारे गणितच फसते. खरा कपडा वहीतल्या कुरत्याइतका सरळ नसतो. साबण धाग्यांना धरून राहतो, म्हणून तीनाऐवजी पाच-सहा वेळा लागतात. पण नियम तोच. पाणी कमी येणाऱ्या गावात तर तो लक्षात ठेवण्यासारखा आहे.

कुरत्याची धुलाई नानीने स्वतः केली. तिने तो बादलीत बुडवला नाही. डागाची बाजू खाली करून, उलट्या बाजूने नळाचे पाणी सोडले. साबण ज्या बाजूने आत शिरला त्याच बाजूने बाहेर ढकलला गेला. उजव्या बाजूने पाणी सोडले असते, तर तो कापडातून आरपार गेला असता. पाणी थंडच घेतले, कारण नव्या गडद कपड्याचा रंग गरम पाण्यात सुटण्याची भीती असते. मग पाच वेळा खळबळणे, पाच वेळा पिळणे. रेशीम किंवा लोकर असती, तर तिने पिळले नसते. टॉवेलात गुंडाळून दाबले असते. जरीच्या शेरवानीला तर तिने हातच लावला नसता. ती ड्रायक्लीनरकडे द्यावी.

साबण संपला की नाही, हे कसे ओळखावे? शेवटच्या पिळणीचे पाणी एका काचेच्या बाटलीत अर्धे भरा. झाकण लावून दहा-बारा वेळा जोराने हलवा आणि बाटली खाली ठेवा. बुडबुडे लगेच फुटून गेले तर काम झाले. वर फेसाची साय राहिली तर आणखी एक पाणी हवे. आमची बाटली पाचव्या पाण्याला बोलली नाही.

एवढे करूनही कुरता वाळल्यावर खालच्या घेरावर पांढुरके ओघळ दिसले. माझ्या भावाचा चेहरा उतरला. हे ओघळ साबणाचे नव्हते, पाण्याचे आणि सोड्याचे होते. धुण्याच्या साबणात बहुधा धुण्याचा सोडा असतो. बोअरचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियमचे क्षार विरघळलेले असतात. सोडा आणि हे क्षार एकत्र आले की खडूसारखी पांढरी पूड तयार होते. ती पाण्यात विरघळत नाही. गडद कपड्यावर ती डोळ्यांत भरते, पांढऱ्यावर कळतही नाही. मुंबईला तानसा, वैतरणा, भातसा अशा तलावांचे पाणी येते. ते मऊ असते, म्हणून कुर्ल्यात आम्हांला असा अनुभव नव्हता.

खडूवर आम्लाची मात्रा चालते. नानीने कांद्यात घालायचा पांढरा सिरका घेतला. एक वाटी सिरका, चार वाट्या पाणी. आधी कुरत्याच्या आतल्या शिवणीवर एक थेंब टाकून पांढऱ्या रुमालाने दाबून पाहिले. रुमालाला रंग लागला नाही. मग ओघळांवर ते पाणी लावून पाच मिनिटांनी साध्या पाण्याने दोनदा धुतले. ओघळ गेले. लिंबाचा रसही चालतो. सिरका मात्र रंगहीनच हवा. जांभळाचा सिरका घ्याल, तर एक डाग काढताना दुसरा पडेल. आणि एक गोष्ट कधीही करू नका : सिरका किंवा लिंबू आणि ब्लीचिंग पावडर किंवा कोणतेही क्लोरीनचे ब्लीच एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो श्वास कोंडतो आणि जिवावर बेतू शकतो.

सिरक्यानेही न जाणारे दोन प्रकार आहेत. काही पावडरींत रंग उडवणारे ब्लीच असते. अशी पावडर ओल्या रंगीत कपड्यावर ढेकळासारखी पडून राहिली, तर त्या जागेचा रंग जातो. तेथे डाग नसतो, रंगच नसतो. तो धुऊन परत येत नाही. ओळखायची खूण सोपी आहे. पांढरी जागा ओली करा. ओली असताना ती दिसेनाशी झाली आणि वाळल्यावर पुन्हा दिसली, तर वर पुडीचा थर आहे आणि तो निघेल. ओली असतानाही ती फिकीच दिसली, तर रंग गेला आहे.

दुसरा प्रकार मजेदार आहे. पांढरे कपडे अधिक पांढरे दिसावेत म्हणून साबणात एक चमक आणणारे द्रव्य घालतात. ते सूर्यप्रकाशातले न दिसणारे अतिनील किरण शोषते आणि निळसर प्रकाश बाहेर टाकते. कपडा पिवळट न दिसता शुभ्र दिसतो. पण हेच द्रव्य खाकी किंवा बदामी कापडावर एका जागी सांडले, तर तेथे उन्हात निळसर पांढरा डाग चमकतो. हा डाग एका धुण्यात जात नाही. बऱ्याच धुण्यांनंतर तो फिका होत जातो. खाकी गणवेशावर साबण थेट ओतू नये, ते यासाठीच.

इकडे गालिच्यावर मामूंचे दहा फेरे झाले होते. फडक्यावरचा बुळबुळीतपणा गेला होता. शेवटी नानीने डागावर पांढऱ्या सुती कापडाची जाड घडी ठेवली आणि तिच्यावर दोन विटा ठेवल्या. गालिचा वाळू लागला की खोलवरचे पाणी धाग्यांच्या टोकांकडे चढते, जसे दिव्याच्या वातीत तेल चढते. त्या पाण्याबरोबर उरलेला साबणही वर येतो. वर कापड नसेल तर तो टोकांवर सुकतो आणि सकाळी डाग पुन्हा दिसतो. कापड असेल तर तो कापडात जातो. घडी सकाळी उचलली तेव्हा तिच्यावर फिकट निळा ठसा होता, कॅनमधल्या साबणाच्याच रंगाचा.

राहिला प्रश्न तो पहिल्या तांब्याच्या पाण्याचा. ते खालच्या थरात गेले होते. मामूंनी ओळखीच्या मेकॅनिकला बोलावले. त्याने दाराजवळची पट्टी काढली, गालिच्याची कड उचलली आणि खाली वर्तमानपत्रांच्या घड्या सरकवल्या. दर तासाला ओल्या घड्या काढून कोरड्या घालायच्या. गाडीचे चारही दरवाजे उन्हात उघडे ठेवले. रात्री पंखा लावला. मामू कुरकुरत म्हणाले, “एका तांब्यासाठी एवढा खटाटोप!” मेकॅनिक हसला. त्याने सांगितले, की पूर्ण बादली गेली असती तर सीट काढून सगळा गालिचा बाहेर घ्यावा लागला असता.

ईदच्या आदल्या दिवशी दुपारी मामूंनी गालिच्याखाली हात घालून पाहिला. थर कोरडा लागला. पायपुसणे धुऊन, वाळवून परत घातले. संध्याकाळी टॅक्सी रस्त्यावर आली. अर्धा दिवस वाया गेला, पण चाँदरात सापडली.

भावाने ईदला तोच कुरता घातला. घेराच्या टोकाला, अंगठ्याएवढ्या जागेत, रंग थोडा फिका राहिला आहे. पिशवीत तो भाग रात्री उशिरापर्यंत साबणात बुडून होता, कारण आम्ही सारे गाडीभोवतीच होतो. आणि साबणाचा कॅन आता मामू पायांपाशी ठेवत नाहीत. झाकणावर प्लॅस्टिकची पिशवी बांधून, बादलीत उभा करून, तो डिकीत ठेवतात.